तेहरानचा ‘तकिया-ए-दौलत’

आमच्या जालना प्रांतातील जुन्या घरांच्या ओसरीवर लोड-तक्के मांडलेले असतात, आणि पुष्कळ गावांच्या वेशीबाहेर फकिराचा तकिया असतो. हे दोन्ही शब्द मुळात एकच होत. फारशीत ‘तकिया’ म्हणजे टेकण्याची जागा, आधार. पाठीस टेकू देतो तो तक्क्या, आणि हिंडून थकलेल्या फकिरास टेकू देतो तो तकिया. ‘दौलत’ हा शब्द तर त्याहून परिचयाचा. आज आपण त्याचा अर्थ पैसाअडका असा करतो. परंतु आपल्या पूर्वजांच्या पत्रव्यवहारात दौलत म्हणजे राज्य. आमच्याच जिल्ह्यातील असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी ज्यांच्या फौजेचा वेल्स्लीने मोड केला, त्या शिंद्यांचे नावच दौलतराव होते.

या दोन ओळखीच्या शब्दांची जोडी करून इराणच्या एका बादशहाने आपल्या राजधानीत एक प्रचंड इमारत उभी केली व तिला ‘तकिया-ए-दौलत’ म्हणजे ‘राज्याचा तकिया’ असे नाव दिले. ते राजाने बांधलेले नाट्यगृह होते, आणि त्यात वर्षातून काही दिवस केवळ धर्मविषयक नाटके होत. आज ते अस्तित्वात नाही. तेव्हा प्रवासवर्णनकार ज्या अर्थाने ‘आम्ही अमुक स्थळ पाहिले’ असे म्हणतो, त्या अर्थाने ते आता कोणासच पाहता येणार नाही. जुनी वर्णने, थोडी छायाचित्रे आणि एक अप्रतिम रंगीत चित्र एवढ्या शिदोरीवर ही यात्रा करावयाची आहे. परंतु ती केल्याने राजाश्रय, कला आणि लोक यांच्या परस्परसंबंधाविषयी आपल्यालाही काही उमगण्यासारखे आहे, म्हणून वाचकांस बरोबर घेऊन निघालो आहो.

प्रथम हे पाहू की, इराणचे हे शोकपर्व आपल्याला अगदीच परके नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या इराणातून आलेल्या विद्वानाच्या उपदेशावरून इ. स. १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. गोवळकोंड्याची कुतुबशाही त्याच पंथाची. पुढे हैदराबादचे निजाम स्वतः सुन्नी असूनही त्यांच्या राज्यात मोहरमाचा थाट कायम राहिला, आणि जालना शहर १९४८ पर्यंत त्याच राज्यात होते. १८८४ च्या सुमारापर्यंत त्या दरबारची कारभाराची भाषा फारशी होती. जालन्याच्या मस्तगडावर १७२५ च्या बांधकामाचा जो शिलालेख आहे तोही फारशीतच आहे. अशा प्रदेशात करबलाची कथा घरोघर पोहोचली यात नवल ते काय! मराठवाड्यातील पुष्कळ गावी हिंदू कुटुंबे नवस करीत, मुलांस फकीर करीत, सवारीस ऊद-फुले वाहत आणि मलिदा व चोंगे वाटत. ग्वाल्हेरचे शिंदे आणि इंदूरचे होळकर यांच्या दरबारांतून तर सरकारी ताजिये बसत.

येथे एका शब्दाची गंमत सांगितली पाहिजे. ‘ताजिया’ हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ सांत्वन करणे, मृताच्या आप्तांच्या दुःखात वाटेकरी होणे असा आहे. आपण दुखवट्याला जातो तसे. हिंदुस्थानात हा शब्द एका वस्तूस चिकटला. कामट्या, रंगीत कागद आणि बेगड यांची जी कबरीची प्रतिकृती मिरवून शेवटी थंडी करतात, तिला आपण ताजिया किंवा ताबूत म्हणतो. इराणात मात्र तोच शब्द एका नाटकाचे नाव झाला. एकाच शोकातून येथे कागदाची कबर निर्माण झाली आणि तेथे रंगभूमी निर्माण झाली.

त्या शोकाचे कारण थोडक्यात असे. पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांनी उमय्या घराण्यातील खलीफा यजीद याची सत्ता मान्य करावी असा हुकूम सुटला. ती अन्यायाची सत्ता मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. कूफा शहरच्या लोकांनी त्यांस बोलावणे धाडले, आणि ते आपले कुटुंब व मोजके सोबती घेऊन निघाले. परंतु वाटेतच फुरात नदीजवळ करबलाच्या मैदानात यजीदच्या सैन्याने त्यांस अडविले. नदी समोर वाहत असता त्यांचे पाणी तोडण्यात आले. हिजरी ६१ च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी, म्हणजे १० ऑक्टोबर ६८० रोजी, हुसेन आणि परंपरेने बहात्तर मानलेले त्यांचे सोबती एकामागून एक धारातीर्थी पडले. पाणी आणण्यास गेलेल्या अब्बासचे हात तोडले गेले, आणि तान्ह्या अली असगरलाही बाण लागला. मागे राहिलेल्या स्त्रिया-मुलांस कैद करून यजीदच्या दरबारात नेले, आणि तेथे हुसेन यांची भगिनी जैनब हिने भर सभेत त्या सत्ताधीशाची निर्भर्त्सना केली. इतिहासातील ही एका दिवसाची लढाई. परंतु शिया समाजाने तेरा शतके तिचे अश्रू सुकू दिले नाहीत.

या कथेचे नाटक कसे झाले हा इतिहासही मनोरंजक आहे. हेरात येथील हुसेन वाइज काशिफी या पंडिताने इ. स. १५०२ च्या सुमारास ‘रौजतुश्शुहदा’ या नावाचा हुतात्म्यांच्या कथांचा ग्रंथ फारशीत लिहिला. संस्कृतज्ञ वाचकांस हे वाचून आनंद होईल की, याच काशिफीने ‘अन्वार-ए-सुहैली’ हा दुसरा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि तो म्हणजे आपल्या पंचतंत्राचाच, अरबी-फारशीतून फिरत आलेला, नवा अवतार होय. विष्णुशर्म्याच्या करटक-दमनकांस इराणी वेष देणाऱ्या लेखणीनेच करबलाच्या कथेसही लोकप्रिय रूप दिले! त्याच सुमारास, १५०१ पासून, सफवी राजघराण्याने शिया पंथास इराणचा राजधर्म केले. मोहरमात काशिफीचा ग्रंथ सभेत मोठ्याने वाचावयाचा आणि लोकांनी रडावयाचे, अशी प्रथा पडली. ग्रंथाच्या नावावरून तिला ‘रौजाखानी’ म्हणू लागले. आपले पुराणिकबुवा पोथी सोडून बसतात तसाच तो प्रकार. दुसऱ्या बाजूने रस्त्यातून मिरवणुका निघत, आणि त्यांत करबलाच्या वीरांची सोंगे घेतलेली माणसे मूकपणे चालत. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या दोन धारा एकत्र झाल्या. मिरवणुकीतील मुक्या सोंगांस पोथीतील वाणी मिळाली, आणि चालणारी माणसे एका जागी उभी राहून बोलू-गाऊ लागली. तेच ताजियाचे नाटक.

त्यासाठी गावोगाव तकिये झाले. कोठे सरायीचे अंगण, कोठे बाजाराचा चौक, कोठे धनिकाचा वाडा. मध्ये एक ओटा बांधला आणि वर कापड ताणले की झाला तकिया. काजार घराण्याच्या राजांनी या नाटकास उदार आश्रय दिला, आणि त्यांतील नासिरुद्दीन शाह याने त्यास कळस चढविला. हा १८४८ पासून १८९६ पर्यंत राज्यावर होता. इ. स. १८६८ च्या सुमारास त्याने तेहरानातील आपल्या गुलिस्तान राजवाड्यालगत हा शाही तकिया बांधावयास घेतला, आणि चारपाच वर्षांत तो पुरा झाला. लंडनचे आल्बर्ट हॉल पाहून शाहाने ही कल्पना उचलली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु ते हॉल १८७१ मध्ये उघडले आणि शाह युरोपात प्रथम गेला तो १८७३ मध्ये. तेव्हा पायाभरणी आधीची आणि प्रेरणा नंतरची, असा हा उलटा न्याय होतो. मध्ये मंच आणि सभोवार प्रेक्षक ही रचना इराणच्या साध्या चौकातील तकियांत पूर्वीपासूनच होती.

इमारत वर्तुळाकार, पक्क्या विटांची. तिचा व्यास सुमारे दोनशे फूट आणि उंची सुमारे ऐंशी फूट. भिंतीच्या आतल्या बाजूने मजल्यावर मजले चढविलेले, आणि प्रत्येक मजल्यावर कमानदार सज्जे. वर छप्पर नव्हते. त्याऐवजी प्रचंड लाकडी कमानी, लोखंडाने बळकट करून, एखाद्या घुमटाच्या सांगाड्यासारख्या उभारल्या होत्या, आणि प्रयोगाच्या वेळी त्यांवर कापड ताणीत. मधोमध सुमारे साठ फूट व्यासाचा, पुरुषाच्या कमरेइतका उंच, गोल ओटा होता. त्यास ना पडदा, ना नेपथ्य. ओट्याभोवती घोडे, उंट आणि मिरवणुका फिरण्यासाठी मोकळी वाट, तिच्यापलीकडे जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या हजारो स्त्रिया, आणि वर सज्जांत शाह, त्याचे जनानखाने, सरदार व परदेशांचे वकील. प्रत्येक सज्जा एकेका सरदाराकडे सजावटीसाठी सोपविलेला असे, आणि शाली, गालिचे, आरसे, हंड्या-झुंबरे यांची जी चढाओढ लागे ती पाहून शोकाच्या दिवसांतही डोळे दिपत. वीस हजार माणसे आत मावत असे काही जण लिहितात. त्यात अतिशयोक्ती दिसते. पण जे आत गेले त्यांस तसे वाटले, एवढे मात्र खरे.

अमेरिकेचा इराणातील पहिला राजदूत सॅम्युएल बेंजामिन हा १८८३ ते १८८५ या काळात तेहरानास होता. त्याने या तकियात प्रयोग पाहिला आणि १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन दिले. महंमद गफ्फारी, ज्यास शाहाने ‘कमालुल्मुल्क’ हा किताब दिला, त्या थोर चित्रकाराने १८९२ च्या सुमारास या नाट्यगृहाच्या अंतर्भागाचे तैलचित्र काढले. इमारत गेली, परंतु तिच्या कमानी, तिचे सज्जे आणि तिच्यातला गूढ प्रकाश त्या चित्रात अजून आहेत.

आता प्रयोगाकडे वळू. आपल्या भरतमुनींनी नाट्यगृहाचे विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे तीन आकार सांगितले आहेत. वर्तुळ त्यांत नाही. तरीही या वर्तुळावर जे चाले ते पाहून भरतमुनींस परकेपणा वाटला नसता. संस्कृत नाटकात पात्राने रंगभूमीवर एक फेरी मारली, ‘परिक्रम्य’ अशी रंगसूचना आली, की ते दुसऱ्या ठिकाणी पोहोचले असे समजावयाचे. ताजियात अगदी तेच. नट ओट्याभोवती एकदा फिरला की मदिनेहून करबला आले. पाण्याने भरलेले एक घंगाळ ठेवले की ती फुरात नदी झाली. झाडाची एक फांदी रोवली की खजुरीची राई उभी राहिली. दुःखाची परिसीमा झाली की नट डोक्यावर भुसा उधळून घेई; ती करबलाची धूळ. प्रेक्षकांची श्रद्धाच इतकी उदंड होती की नेपथ्य करणाऱ्यास काही उरले नव्हते.

वेषाचा आणि वाणीचा नियमही ठरलेला होता. हुसेन यांच्या पक्षाची पात्रे हिरवी किंवा पांढरी वस्त्रे घालीत आणि आपली भाषणे गात. यजीदच्या पक्षाची पात्रे लाल वस्त्रे घालीत आणि नुसती मोठ्याने म्हणत. सुष्टांस सूर आणि दुष्टांस केवळ शब्द, असा हा न्याय! स्त्रीपार्टी पुरुषच असत आणि तोंडावर बुरखा घेत. लहान मुलांच्या भूमिका मुले करीत. प्रत्येक नटाच्या हातात आपल्या भाषणाचा कागद असे, आणि तो उघडपणे पाहून वाचण्यात कोणास संकोच वाटत नसे. आमच्या आधुनिक नाटककंपनीत ही गोष्ट हास्यास्पद ठरली असती. परंतु तिच्यामागे मोठी नम्रता होती. ‘मी हुसेन नव्हे, मी त्या महात्म्याची वाणी केवळ वाचून दाखवितो आहे,’ असे तो कागद सांगे. उलट शिमर या क्रूर सेनानीचे काम करणारा नटही हुसेन यांच्यावर खंजीर उगारताना स्वतःच रडू लागे, आणि तो रडतो म्हणून त्याचे काम बिघडले असे कोणी म्हणत नसे. या सर्वांमधून सूत्रधार मोकळेपणाने वावरे. कोणास कागद दे, कोणास उभे कर, वाजंत्र्यांस खूण कर, असे त्याचे काम. त्यास ‘मुईनुल्बुका’ म्हणत, म्हणजे ‘रडण्यास साहाय्य करणारा’. सूत्रधारास याहून समर्पक नाव कोणत्याही भाषेत असेल असे आम्हांस वाटत नाही.

एका बाबतीत मात्र आपला आणि त्यांचा मार्ग वेगळा होतो. आपल्या शास्त्रकारांनी रंगभूमीवर वध दाखवू नये असे सांगितले आणि नाटकाचा शेवट गोड करावा अशी रूढी पडली. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे, ज्यात दुर्योधन सर्वांसमक्ष प्राण सोडतो, असे उदाहरण विरळाच, आणि ते नाटकही १९१२ मध्ये गणपतिशास्त्र्यांनी छापीपर्यंत पंडितांस ठाऊक नव्हते. ताजिया तर आरंभापासून शेवटापर्यंत मरणाचेच नाटक. करुण हाच एक रस, बाकीचे त्याचे तरंग, हे भवभूतीचे मत ज्यास पटत नसेल त्याने या नाटकाचा विचार करावा. शेवट काय होणार हे तेथल्या लहान मुलासही ठाऊक असे. उत्कंठेसाठी कोणी येत नसे; लोक येत ते रडून शुद्ध होण्यासाठी, आणि आपणही त्या दिवशी करबलात असतो तर कोणत्या बाजूस उभे राहिलो असतो, हा प्रश्न स्वतःस विचारण्यासाठी.

या नाटकांची संहिता युरोपास कळली तीत एका अशा गृहस्थाचा हात आहे ज्याचे नाव मराठी वाचकांनी निराळ्याच प्रकरणात ऐकले असेल. लुई पेली हा मुंबई सरकारच्या वतीने इराणी आखातात रेसिडेंट होता. तेथे असता त्याने ही नाटके जाणकारांकडून उतरवून घेतली, आणि त्यांपैकी ३७ नाटकांचे इंग्रजी भाषांतर १८७९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. हाच पेली १८७४ च्या अखेरीस बडोद्यास खास कमिशनर म्हणून आला आणि १८७५ च्या जानेवारीत त्याने मल्हारराव गायकवाडांस अटकेत घेतले. एका हाताने मराठी गादीवरील राजास उतरविणारा आणि दुसऱ्या हाताने इराणातील राजविरोधी शोकनाट्य टिपून ठेवणारा, असा हा माणूस. इतिहासाची अशी गुंतवळ पाहिली म्हणजे मौज वाटते.

राजविरोधी हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. या नाट्यगृहाच्या कथेतील खरा मर्माचा भाग येथेच आहे. ताजिया नाटकाचा विषय काय? तर सिंहासनावर बसलेल्या अन्यायी माणसापुढे मान न वाकविता निःशस्त्रप्राय माणसांनी मरण पत्करले, हा. यजीदचा दरबार, त्याचे ऐश्वर्य, त्याचा मद आणि कैदेतील जैनबेचे तेजस्वी बोल, हे सर्व त्या गोल ओट्यावर चाले. आणि समोरच्या सज्जात रत्नखचित पोशाखात राज्याचा धनी बसलेला असे. शाहाने ते घर आपल्या वैभवाच्या प्रदर्शनासाठी बांधले होते, आणि त्याची धर्मश्रद्धाही खोटी म्हणता येणार नाही. तथापि सत्ता म्हणजे काय आणि तिच्यापुढे माणसाने कसे वागावे, याचा पाठ दरसाल हजारो प्रजाजनांस त्याच्याच खर्चाने, त्याच्याच छताखाली मिळत होता. आपल्या घरात आपल्याच दोषांचा आरसा टांगणारे राजे इतिहासात फार नाहीत; आणि ज्यांनी टांगला त्यांस तो आरसा आहे हे कळले होते की नाही, कोण सांगेल!

१ मे १८९६ रोजी, आपल्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या चांद्रवर्षाच्या उत्सवाची तयारी चालू असता, नासिरुद्दीन शाह तेहरानजवळच्या शाह अब्दुल अजीम दर्ग्यात दर्शनास गेला आणि तेथे मिर्झा रजा किरमानी याने त्याच्यावर गोळी झाडली. शाहाचे शव पुरण्यापूर्वी सुमारे वर्षभर कोठे ठेवले होते? तर याच तकियात. ज्या ओट्यावर इमामांच्या मृत्यूचा शोक होई, तेथे ते घर बांधणाऱ्याचाच देह येऊन राहिला.

१९०६ मध्ये इराणास राज्यघटना मिळाली, राजदरबाराचा डौल ओसरला आणि त्याबरोबर शाही तकियाचे वैभवही ओसरत गेले. रजाखान हा सेनानी पुढे सरसावला. सत्ता हाती येण्यापूर्वी मोहरमात तो आपल्या सैनिकांच्या मिरवणुकीत अनवाणी, डोक्यावर भुसा घेऊन चालत असे. १९२५ च्या ऑक्टोबराअखेर काजार घराणे पदच्युत झाले, आणि डिसेंबरात नवीन राजा नेमण्यासाठी जी घटनासमिती भरली ती कोठे भरली? पुन्हा याच तकियात! काजारांच्या सर्वांत मोठ्या वास्तूत काजारांचे राज्य दुसऱ्याच्या ओटीत घातले गेले. ‘दौलत’ या अरबी शब्दाचा मूळ धात्वर्थ ‘फिरणे, पाळी येणे’ असा आहे. एकाची पाळी संपते आणि दुसऱ्याची येते, म्हणून राज्यास दौलत म्हणावयाचे. शब्दाने आपला अर्थ इतक्या अक्षरशः क्वचितच खरा केला असेल.

नव्या शाहास देश आधुनिक करावयाचा होता. भर चौकात छाती पिटणारे आणि रडणारे लोक परदेशीयांच्या दृष्टीस पडावेत हे त्यास कमीपणाचे वाटे. १९३० नंतरच्या दशकात मोहरमाच्या मिरवणुका आणि ताजियाचे प्रयोग यांवर बंदी आली. शाही तकिया ओस पडला. शेवटी त्याच्या पुत्राच्या अमदानीत, १९४७ च्या सुमारास, तो पाडण्यात आला आणि त्या जागेवर इराणच्या राष्ट्रीय पेढीची, बँक मेल्लीची, बाजार शाखा उभी राहिली. आज तेहरानच्या मोठ्या बाजाराकडून गुलिस्तान राजवाड्याकडे जाणारा प्रवासी त्या पेढीवरून चालत जातो. आरंभी आम्ही म्हणालो की दौलत म्हणजे पूर्वी राज्य आणि आता पैसा. त्या एका जागेने हे दोन्ही अर्थ पाहिले.

तर मग त्या नाटकाचे काय झाले? येथे कथा अनपेक्षित वळण घेते. राजधानीतील घर बंद झाले तेव्हा नाटक खेड्यात गेले. खरे म्हणजे ते तेथे होतेच. शिपायांचा डोळा चुकवून, गावाबाहेरच्या माळावर, परसात, खळ्यावर ते चालत राहिले. ओटा नसेल तर गालिचा पसरावा, गालिचा नसेल तर मातीत रेघ ओढून वर्तुळ करावे. फुरात नदीसाठी एक घंगाळ मात्र हवे, आणि तेवढे कोणत्याही घरात मिळते. ज्या नाटकास पडदा लागत नाही, ज्याच्या नटाच्या हातात त्याचा कागद असतो आणि ज्याचा शेवट सर्वांस ठाऊक असतो, त्यास कोणत्या हुकमाने बंद करावयाचे? १९४१ मध्ये रजा शाहास राज्य सोडावे लागले, आणि बंदीचा जोर कमी होताच नाटक पुन्हा उघडपणे दिसू लागले. २०१० मध्ये युनेस्को संस्थेने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत ताजिया नाट्यकलेचा समावेश केला. शाही वास्तू पाडून साठ वर्षे उलटल्यावर!

याच न्यायाचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. १८४३ साली सांगलीच्या राजवाड्यात श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला. तेही धार्मिक आख्यान, तेही राजाच्या घरी. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि आश्रय तुटला. त्या वेळी भावे हात जोडून वाड्याच्या दारात बसून राहिले असते तर मराठी नाटक त्या वाड्याबरोबरच स्मरणात गेले असते. परंतु मंडळी घेऊन ते बाहेर पडले, आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांनी खेळ केला. राजाचा हात सुटला म्हणून लोकांचा हात धरावा लागला, आणि तोच हात आजतागायत सुटलेला नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यातील गणपती रंगमहालाचीही आठवण येथे होते. १८२८ च्या आगीत तो वाडा जळाला, पण त्या महालात जे सूर घुमत त्यांची परंपरा महालावाचून चालू राहिली.

यावरून राजाश्रय वाईट असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. राजाने हात दिला नसता तर ताजियास एवढी भव्यता, एवढे नट, एवढी संहिता लाभली नसती. आणि आप्पासाहेबांची इच्छा नसती तर भाव्यांस प्रारंभच करता आला नसता. पण राजा कलेस घर देतो तेव्हा आपल्या नशिबाची गाठही तिच्या पदरास बांधतो. त्याचे नशीब फिरले की घर पडते. जी कला त्या घरावाचून जगण्यास समर्थ असते तीच पुढे जाते. आणि हे सामर्थ्य राजापासून येत नाही, ज्यांस त्या कथेची गरज असते त्या सामान्य माणसांपासून येते.

म्हणूनच आपल्याकडील लळिताची आम्हांस काळजी वाटते. नवरात्राच्या किंवा रामनवमीच्या उत्सवाच्या शेवटी देवळाच्या सभामंडपात होणारे ते साधे सोंगांचे नाटक. त्यासही पडदा नाही, नेपथ्य नाही, एक दिवटी आणि एक मृदंग पुरे. आमचा जालना जिल्हा तर जांब गावाचा, म्हणजे समर्थ रामदासांच्या जन्मभूमीचा. कीर्तन, आख्यान आणि उत्सव यांच्या संस्कारात येथल्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. लळितावर कोणा राजाने बंदी घातली नाही. त्याचे शाही घर कोणी पाडले नाही, कारण तसे घर त्यास कधी नव्हतेच. तरीही गावोगाव ते विरळ होत चालले आहे. इराणातील खेडुतांनी बंदीच्या दिवसांत माळावर वर्तुळ आखून जे जपले, ते आपण भर मोकळीकीत, कोणीही मना केले नसता, हातातून गळू देत आहो. तकिया-ए-दौलत पाडल्याचा दोष कोणावर तरी ठेवता येतो. लळित गेले तर तो दोष आपल्याच घरावर येईल.

घरातील वडीलधाऱ्यांस एखादे लळिताचे सोंग, एखादे पद, एखादा संवाद अजून पाठ असेल. तो येत्या उत्सवापूर्वी मुलांस शिकवावा. एका मुलाने सोंग घ्यावे, दुसऱ्याने कागद हातात धरून वाचावे; त्यात कमीपणा नाही, हे तेहरानच्या नटांनी आपल्याला दाखविले आहे. जागेची चिंता नको. देवळाचा मंडप नसेल तर ओसरी आहे, आणि टेकावयास तक्क्या प्रत्येक घरी आहेच.